ओळख ठेवून सायकल

तुमसर तालुक्यातल्या आमच्या नाकाडोंगरीत भाड्याची सायकल मागायला गेलं की दुकानदार पैशाआधी बाप विचारायचा. "कोनाचा पोट्टा होय बे तू?" बापाचं नाव सांगितलं की अद्धी सायकल हातात. वहीत नाव नाही, वेळ नाही. किती फिरला ते त्याला बरोबर ठाऊक. मी त्याच सायकलीवर आधी कैची मारायला शिकलो, मग दांडीवरून टांग टाकायला.

त्यामुळे सायकल भाड्यानं मिळते ती ओळखीवर, हे मला 1978 साली पुण्यात उतरेपर्यंत कळलंच नव्हतं. तुमसरहून निघून, नागपूरला गाडी बदलून, मी विद्यापीठात एका कागदासाठी गेलो होतो. शनिवार पेठेतल्या दुकानात ओळीनं सायकली उभ्या. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात दुकानाचं नाव आणि नंबर. आत भिंतीवर घड्याळ, त्याखाली वही. मालकानं विचारलं, "इथं ओळखीचं कोण आहे तुमचं?" बापाचं नाव तिथं चालणार नव्हतं. मी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. त्यानं ते कानाला लावलं, चालतंय याची खात्री केली, आणि वहीत नंबर, नाव, वेळ लिहिली. तासाला चार आणे. नवे पैसे येऊन वीस वर्षं झाली होती, तरी भाव आण्यांतच बोलले जायचे.

हा धंदा उभा राहिला त्याचं कारण साधं होतं. सायकल लागायची सगळ्यांना, विकत घेणं थोड्यांनाच जमायचं. स्वातंत्र्याआधी रस्त्यावर बहुतेक विलायती माल, रॅले, हर्क्युलिस, बीएसए. मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना 1939 मध्ये निघाला. सोनिपतची ॲटलस 1951 ची, लुधियानाची हिरो 1956 ची. सायकली देशात बनू लागल्या तरी साध्या कारकुनाला ती खरेदी जड जायची. तासाची सायकल मात्र विद्यार्थ्यालाही परवडायची. पुण्यात तर पेठा जवळजवळ, कॉलेजं जवळ, कारखान्यांच्या पाळ्यांना जाणारे कामगार सायकलवरच. लोक त्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते उगाच नाही.

दुकानदाराची खरी कमाई भाड्यापेक्षा दुरुस्तीत असावी, असा माझा कयास आहे. टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणं, सोल्युशन लावून पॅच बसवणं, ब्रेकचे रबर, छर्रे, हवा. हे दिवसभर चालू. भाड्याची सायकल पंक्चर झाली तर पैसे गिऱ्हाईकाचे. त्यावरून होणारी भांडणं मी दोन्ही गावांत पाहिली, आणि दोन्हीकडे दुकानदारच जिंकला.

मी अप्पा बळवंत चौकातून लकडी पुलावर, डेक्कन, फर्ग्युसन रस्ता करत गणेशखिंडीकडे गेलो. रस्ता विचारायला थांबलो की उत्तर मिळायचं, पण थोडं रागावून. विद्यापीठाचं काम लांबलं. परतताना अंधारलं आणि चालत्या माणसांनी मला ओरडायला सुरुवात केली, "अहो, दिवा!" सायकलीला दिवा नसणं, डबलसीट बसणं, महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला नसणं, हे सगळे तेव्हा गुन्हेच. दिवा मागायचं मला सुचलंच नव्हतं. गंमत अशी की आमच्या तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज बॅटरीच्या सेलात वापरलं जातं. तिथला माणूस पुण्यात दिव्यावाचून पकडला गेला. उरलेलं अंतर मी सायकल हातात धरून चाललो.

लुना मोपेड तर आधीच आली होती, 1972 मध्ये, तीही पुण्याचीच. स्कूटर आल्या, हप्ते आले. ज्याला तासाची सायकल लागायची त्याच्या दारात स्वतःचं वाहन उभं राहिलं. दुकानांच्या ओळी आक्रसल्या. सायकली गेल्या, पंक्चरवाले उरले. 2017 च्या डिसेंबरात पुण्यात फोनवरून कुलूप उघडणाऱ्या सायकली आल्या. नातू म्हणाला, आजोबा, आता कुणाला ओळख लागत नाही. मी त्याला विचारलं, मग फोन नंबर कशाला मागतात? त्या सायकलीही फार वर्षं टिकल्या नाहीत. फुटपाथवर आडव्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. कुणाचा पोट्टा होय, असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं, एवढंच माझं मत.

त्या रात्री दुकान बंद होता होता मी पोचलो. मालकानं वही पाहिली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, हँडल हलवून पाहिलं. पाच तास वीस मिनिटं झाली होती. त्यानं सहा तासांचे पैसे घेतले आणि माझं घड्याळ किल्ली देऊन परत केलं.