बालचित्रवाणी आणि सीमेवरील मुले

मुलांना त्यांच्याच भाषेत दृश्य शिक्षण मिळावे, या हेतूने 1984 साली पुण्यास ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. इन्सॅट उपग्रहामुळे सहा राज्यांना अशा संस्था लाभल्या. कर्नाटक त्यांत नव्हते. असते तरी तेथील संस्था कानडीतूनच बोलली असती, हे उघड आहे. 1956 साली म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगाव भागातील पिरनवाडीसारख्या गावच्या मराठी मुलांचा विचार त्या योजनेत कोठेच बसत नव्हता. 2005 साली दोह्याहून अरबी मुलांसाठी स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. ती भाषेसाठी होती, म्हणून अनेक देशांत पोहोचली. पुण्याच्या संस्थेस मात्र दूरदर्शनच्या उसन्या वेळेवर भागवावे लागले. पुढे केंद्राचे अनुदान थांबले आणि 2017 साली महाराष्ट्र शासनाने ती बंद केली.