अलंकार : साम्यापासून अभेदापर्यंत

‘पुलावर गर्दी होती’ हे विधान केवळ माहिती देते. ‘पुलावर गर्दीचा पूर लोटला होता’ हे विधान त्या माहितीबरोबरच वेग, रेटा आणि भयही वाचकाच्या मनात उभे करते. भाषेला असे सामर्थ्य आणि सौंदर्य देणाऱ्या रचनांना साहित्यशास्त्रात ‘अलंकार’ म्हणतात. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चारच अलंकार सांगितले आहेत. भामह, दंडी, मम्मट आदी आचार्यांनी पुढे त्यांत मोठी भर घातली. शाळेत ही नावे पाठ केली जातात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. वास्तविक अलंकारांची ओळख कवितेइतकीच रोजचे वर्तमानपत्र वाचतानाही उपयोगी पडते.

शब्द आणि अर्थ

अलंकारांचे शब्दालंकार व अर्थालंकार असे दोन मुख्य भेद आहेत. ते ओळखण्याची कसोटी सोपी आहे. एखाद्या शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द ठेवताच सौंदर्य नाहीसे झाले, तर तो शब्दालंकार. टिकून राहिले, तर अर्थालंकार. अनुप्रासात एकाच वर्णाची आवृत्ती होते. यमकात ठरावीक ठिकाणी तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने पुन्हा येतात. मोरोपंतांची (१७२९-१७९४) रचना यमकांसाठी प्रसिद्ध आहे. श्लेषात एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात. ‘तलाव आटला आणि गावाचे जीवन संपले’ या वाक्यात ‘जीवन’ म्हणजे पाणीही आणि आयुष्यही. ‘जीवन’ऐवजी ‘पाणी’ लिहिले, की श्लेष संपतो.

साम्याच्या पायऱ्या

अनेक महत्त्वाचे अर्थालंकार साम्यावर उभे आहेत. ज्याचे वर्णन करावयाचे ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करावयाची ते उपमान, दोहोंतील समान गुण तो साधारण धर्म आणि ‘सारखा’, ‘प्रमाणे’, ‘जसा’ यांसारखे शब्द ते साम्यवाचक. हे चार घटक ध्यानात घेतले, की पुढचे भेद आपोआप उलगडतात.

‘गर्दी पुरासारखी वाहत होती’ ही उपमा. येथे गर्दी आणि पूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान कायम असते. ‘गर्दी म्हणजे जणू पूरच’ ही उत्प्रेक्षा. ‘जणू’ या शब्दामुळे ही कल्पना आहे, याची कबुली मिळते. ‘गर्दीचा पूर पुलावरून उतरला’ हे रूपक. त्यात दोहोंत अभेद मानला जातो आणि साम्यवाचक शब्द गळून पडतो. ‘ही गर्दी नव्हे, हा पूरच’ असे म्हणून उपमेय नाकारले, की अपन्हुती होते. ‘पूर ओसरतो तरी, ही गर्दी ओसरतच नाही’ यात उपमेय उपमानाच्याही पुढे जाते, हा व्यतिरेक. ‘या पुलावरच्या गर्दीसारखी गर्दी याच पुलावर’ असे म्हटले, तर अनन्वय. उपमेयाला दुसरे उपमानच सापडत नाही, म्हणून त्याची तुलना त्याच्याशीच केली जाते.

साम्याखेरीज अन्य मार्गही आहेत. ‘उन्हात डोंगर पेंगत होता’ ही चेतनगुणोक्ती. उशिरा आलेल्या माणसाला ‘आपण वेळेचे किती पक्के!’ असे म्हणणे ही व्याजस्तुती. लेकीला बोलून सुनेला सुनावणे, ही अन्योक्तीची घरगुती आवृत्ती होय.

झिजलेले अलंकार

काही अलंकार वापराने इतके गुळगुळीत होतात, की ते अलंकार वाटतच नाहीत. घड्याळाचे काटे, बाटलीचे तोंड, डोंगराचा पायथा ही त्याची उदाहरणे. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचे ठिकाण असलेले पानिपत आज दारुण पराभवाचे सामान्यनाम बनले आहे. ‘महागाईचा भडका’, ‘बाजार कोसळला’, ‘स्थलांतरितांचे लोंढे’ हे बातम्यांतले शब्दप्रयोगही याच जातीचे.

सावधपणा येथेच हवा. उपमान साधारण धर्माबरोबर स्वतःचे इतर गुणही वाक्यात आणते. पूर ही नैसर्गिक आपत्ती असते. त्याला कोणी जबाबदार धरत नाही. गर्दीतील प्रत्येक माणसाला मात्र नाव असते, पोहोचण्याचे ठिकाण असते आणि त्याच्या वाटेवरचा पूल कोणीतरी आखलेला असतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या तत्कालीन एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. अशा घटनेचे वर्णन ‘गर्दीचा पूर’ एवढ्यावर थांबले, तर पुलाची रुंदी, प्रवाशांची संख्या आणि देखभाल हे प्रश्न मागे पडतात.

म्हणून रूपक समोर आले, की ते मनातल्या मनात उपमेत उतरवून पाहावे. साधारण धर्म कोणता आणि कोणते गुण उपमेयात नसतानाही त्याला चिकटले, असे दोन प्रश्न विचारावेत. उत्तम कवितेचे रूपक या परीक्षेने अधिक खुलते. केवळ भय किंवा द्वेष पसरविण्यासाठी योजलेले रूपक मात्र तेथेच उघडे पडते.