रुग्णवाहिका येण्याआधी : घाटकोपरचा धडा

आपल्याकडे जखमीला इस्पितळात पोहोचवण्याचे काम वर्षानुवर्षे रिक्षावाल्यांनी, हमालांनी आणि वाटसरूंनी केले. 'पोलीस केस आहे' म्हणत त्याला दारातून परत पाठवण्याची रीतही जुनीच. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, आधी जीव वाचवा, कागदपत्रे नंतर.

११ जानेवारी २०१४ रोजी घाटकोपर स्थानकात १६ वर्षांची एक विद्यार्थिनी लोकल आणि फलाट यांमधल्या पोकळीत पडली. तिचे दोन्ही हात गेले. फलाटांची उंची आणि स्थानकावरील रुग्णवाहिका हे प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आले. योगायोग असा की, पंधरवड्यातच, २६ जानेवारीला, राज्यात १०८ सेवा सुरू झाली. तिचा ताफा ९३७ रुग्णवाहिकांचा ठरला. २०१६ मध्ये मदत करणाऱ्या वाटसरूलाही पोलिसांच्या ससेमिऱ्यापासून न्यायालयाचे संरक्षण मिळाले.

मग १३ मे २०२४ उजाडला. छेडानगरात वादळी वाऱ्याने अवाढव्य होर्डिंग पेट्रोलपंपावर कोसळले. १७ जणांचा बळी गेला, जखमींना राजावाडी रुग्णालयात नेले. पेट्रोलमुळे आगीची भीती होती, म्हणून गॅस कटर चालवता येईना. रुग्णवाहिका होत्या, पण माणसे लोखंडाखाली अडकलेली.

एका दशकात आपण क्रमांक मिळवला, वाहने मिळवली, कायद्याचे कवचही मिळवले. पण फलाटाची पोकळी रोज दिसत होती आणि मर्यादेपेक्षा कितीतरी मोठे होर्डिंगही हमरस्त्यावरून दिसत होते. तातडीची सेवा फोन लावल्यावर सुरू होत नाही. ती अशा दिसणाऱ्या धोक्यापासून सुरू व्हायला हवी.