रोजच्या गाडीला टर्बो बसवायचाय? आधी हे गणित करा

रील्समध्ये टर्बोचा तो 'स्सऽऽ' आवाज ऐकून आपल्याही गाडीला टर्बो बसवावा, असं कधीतरी मनात आलंच असेल. माझ्या डोक्यात तर ते खूळ दोन वर्षं होतं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाडी साधी, १.२ लीटर पेट्रोल, ८२ बीएचपी, ११३ एनएम. आठवडाभर हिंजवडीला ऑफिस आणि शनिवारी आई-बाबांना घेऊन साताऱ्याला. घरात दुसरी गाडी नाही, म्हणजे ही बंद पडली की सगळंच बंद.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मित्राच्या टर्बो बसवलेल्या गाडीने खंबाटकी घाटात मान टाकली. इंजिन उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन फुटलेला. टर्बो मात्र ठणठणीत! बूस्ट ०.८ बार ठेवला होता आणि इंजेक्टर जुनेच होते. त्यानंतर मी गॅरेजला फोन करायच्या आधी एक्सेल शीट उघडली. त्या शीटमध्ये काय निघालं, ते आज बघूया.

टर्बो काम कसा करतो?

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वाया जातो. टर्बोमध्ये या धुरावर टर्बाइन नावाचं चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कम्प्रेसरचं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, त्या प्रमाणात जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युशी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं. या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. तो ठरलेल्या मर्यादेवर गेला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि थोडा धूर टर्बाइनला न लागता बाजूने निघून जातो.

पायरी १ : आधी आकडा ठरवा

रोजच्या गाडीसाठी मी ०.४ बार हा आकडा धरला. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार असतो, म्हणजे इंजिनाला १.४ पट दाबाची हवा मिळणार. मग ताकद ४० टक्के वाढेल का? नाही! सायकलला हवा भरताना पंप कसा गरम होतो, आठवा. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते.

बाहेर ४० अंश तापमान आणि कम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर हवा जवळपास ९० अंशांपर्यंत तापते. अशा वेळी हवेचं प्रमाण फक्त २१ टक्क्यांच्या आसपास वाढतं. मध्ये इंटरकूलर लावून ती ५५ अंशांवर आणली, तर वाढ ३० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे ८२ चे साधारण १०६ बीएचपी. इंटरकूलर ही चैन नाही, तो प्लॅनचाच भाग आहे.

पायरी २ : इंजिन किती सोसेल?

माझ्या इंजिनाचा कम्प्रेशन रेशो ११:१ आहे. म्हणजे इंजिन मुळातच हवा बरीच दाबतं, त्यात आपण आधीच दाबलेली हवा देणार. मग ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टन फोडायला जोरदार नॉकिंगची काही मिनिटं पुरतात. उपाय तीन : बूस्ट कमी ठेवणं, ठिणगी थोडी उशिरा देणं आणि हवा थंड ठेवणं. ट्यूनिंग साध्या पेट्रोलवरच करा, कारण हायवेवरच्या प्रत्येक पंपावर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळेलच असं नाही.

पायरी ३ : पेट्रोल आणि ईसीयू

ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. बूस्टमध्ये मिश्रणात पेट्रोल गरजेपेक्षा जरा जास्तच लागतं, लॅम्डा साधारण ०.८ च्या आसपास. १०६ बीएचपीसाठी माझ्या हिशेबाने मिनिटाला ६०० सीसी पेट्रोल लागतं. चार इंजेक्टरमध्ये वाटून आणि त्यांना ८० टक्क्यांच्या वर न ताणता, प्रत्येकी साधारण १९० सीसी. जुने इंजेक्टर एवढं देतात का, हे मोजून घ्या. मित्राच्या गाडीत हेच कोणी मोजलं नव्हतं.

आणखी एक गंमत : बऱ्याच साध्या गाड्यांमधला हवेचा सेन्सर १ बारच्या थोडंच पुढे मोजतो. १.४ त्याला दिसणारच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर इनपुटच चुकीचा असेल, तर कोड कितीही चांगला असून उपयोग नाही.

पायरी ४ : बाकीचे खर्च

- टर्बोला ऑइल देणारी आणि परत आणणारी लाइन
- वेळेआधी ऑइल बदलणं
- वाढलेला टॉर्क पेलणारा क्लच
- चांगले ब्रेक पॅड आणि टायर
- रेडिएटरची तपासणी
- वाइडबँड लॅम्डा सेन्सर आणि डायनोवर ट्यूनिंग

माझ्या शीटमध्ये टर्बोची किंमत एकूण बजेटच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी निघाली. म्हणून 'स्वस्तात टर्बो मिळतोय' हे ऐकून हुरळून जाऊ नका.

पायरी ५ : कायदा (खरं तर ही पहिली पायरी)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बदल लपवला तर इन्शुरन्सचा क्लेमही नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे पार्ट घेण्याआधी आरटीओ आणि इन्शुरन्स कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

मग मी काय केलं?

शीटच्या शेवटी मी एक तुलना लिहिली. मारुतीच्या फ्रॉन्क्समध्ये १.२ लीटरचं साधं इंजिन सुमारे ११३ एनएम टॉर्क देतं आणि १.० लीटरचं टर्बो इंजिन सुमारे १४८. माझ्या प्लॅनमधला टॉर्कही साधारण १४७ वरच येत होता! फरक एवढाच, की कंपनीने ते इंजिन टर्बो धरूनच डिझाइन केलंय, त्यावर वॉरंटी आहे आणि आरसीवर त्याची नोंद आहे.

मी टर्बो बसवला नाही. पुढची गाडी कंपनीचा टर्बो असलेली घ्यायची म्हणून पैसे साठवतोय. शीट बनवायला दोन वीकेंड गेले, पण वाया गेले असं वाटत नाही. तुम्हीही आधी असंच गणित मांडा. उत्तर 'हो' आलं तर काय काय लागेल ते कळलेलं असेल, आणि 'नको' आलं तर इंजिन वाचेल. परवाच आई-बाबांना घेऊन खंबाटकी चढलो. दुसऱ्या गिअरमध्ये, रमतगमत, पण वर पोचलो!