औषध मुंबईत, ताप गावात

क्रांती चौकात काळा चबुतरा आहे. १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीतल्या घोडदळाने बंड केलं. ते मोडून काढल्यावर इंग्रजांनी इथे काही शिपायांना फासावर चढवलं, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. चौकाचं नाव त्या आठवणीतून आलं. पुढे मराठवाडा आपली गाऱ्हाणी घेऊन इथेच जमू लागला. ९ ऑगस्ट २०१६ चा पहिला मराठा क्रांती मोर्चाही इथूनच निघाला. जालना रोडने येणारे कितीतरी रुग्ण याच चौकातून घाटीकडे, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे, नाहीतर आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे वळतात. चौकाच्या इतिहासात त्यांना जागा नाही, पण मराठवाड्याच्या इतिहासात ती असायला हवी. केमोथेरपीची गोष्ट सहसा एकामागून एक निघालेल्या जालीम औषधांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर ती वेगळी दिसते. औषधं गाठीवर काम करत होतीच. ती माणसाला सोसवू लागली ती उलटी आटोक्यात आली, ताप वेळेवर ओळखला जाऊ लागला आणि या दोन्ही गोष्टी घराच्या टप्प्यात आल्या तेव्हा. मराठवाड्यात यातली शेवटची गोष्ट फार उशिरा घडली.

या औषधांचं एक मूळ आपल्याच गिरणगावात आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. यीस्टच्या अर्काने त्यांचं रक्त सुधारतं, हे तिने दाखवून दिलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत काम करणाऱ्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केलं आणि त्याचं काम अडवणारी द्रव्यंही तयार केली. ती वापरून बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटवून दाखवला. आजही वापरात असलेलं मेथोट्रेक्झेट याच घराण्यातलं. रक्त घडवायला जे लागतं तेच पेशींना मिळू द्यायचं नाही, ही यातली युक्ती. म्हणूनच तोंडाचं अस्तर सोलतं, जुलाब लागतात, केस गळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. या सगळ्या भराभर वाढणाऱ्या पेशी, आणि औषधाला त्यांच्यात आणि गाठीत फरक करता येत नाही. दुष्परिणाम हा उपचारात झालेला अपघात नव्हे, तो त्याच कामाचा दुसरा भाग आहे. असं असताना वैद्यकाने अनेक वर्षं पहिल्या भागाची मोजदाद केली आणि दुसरा भाग रुग्णाच्या सोशिकपणावर सोडून दिला.

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं, तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं. १९५६ मध्ये शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, पण कॅन्सरच्या औषधोपचारासाठी मराठवाड्याची वाट परळलाच जात राहिली. आणि ती वाट सोपी नव्हती. नव्वदच्या दशकात रुंद रूळ येईपर्यंत मनमाडच्या पुढे मराठवाड्यात मीटर गेज होतं. मुंबईला जाता-येता मनमाडला गाडी बदलावी लागे. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीत, नाहीतर एखाद्या चाळीतल्या नातेवाइकाकडे. आता औषधाचं वेळापत्रक या प्रवासाशेजारी ठेवून पाहा. १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या आणि लवकरच जगभर पसरलेल्या सिसप्लॅटिनने जवळजवळ प्रत्येकाला उलट्या होत. पहिली लाट सलाईन चालू असतानाच येई. दुसरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे रुग्ण परतीच्या डब्यात, मनमाडच्या फलाटावर किंवा एसटीच्या खिडकीशी असताना. ‘केमोपेक्षा मरण बरं’ हे वाक्य आजही गावोगाव ऐकू येतं. त्याला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं आहे. त्या पिढीने जे पाहिलं त्याची ती खरी साक्ष आहे.

पुढे साक्ष बदलली, कारण उलटी थांबवणारी औषधं बदलली. मेटोक्लोप्रमाइड आणि स्टिरॉइडवर भागवण्याचे दिवस १९९० च्या सुमारास ऑन्डान्सेट्रॉन आल्यावर संपले. भारतात ते परवडलं, यामागे आणखी एक इतिहास आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मिळे, त्यामुळे भारतीय कंपन्यांनी हे औषध लवकरच स्वस्तात बाजारात आणलं. एमेसेट या नावाने मिळणारी त्याची गोळी ही कॅन्सरच्या घरातली ओळखीची वस्तू झाली. अलीकडे यात ओलान्झापिनची भर पडली, आणि त्याचा नेहमीच्या १० मिलीग्रॅमऐवजी २.५ मिलीग्रॅमचा डोसही पुरतो, दिवसा गुंगीही कमी येते, हे टाटा मेमोरियलच्याच अभ्यासाने २०२४ मध्ये दाखवलं. अशा संशोधनाला मथळे मिळत नाहीत. केमोच्या सहा सायकल पूर्ण करणारा आणि दुसरीनंतर घरी बसणारा यांच्यातला फरक मात्र कितीदा तरी एवढ्यावरच ठरतो.

उलटी निदान दिसते तरी. खरा घात तापाने होतो, आणि अंतराचा प्रश्न इथे सर्वात टोकदार होतो. डोस दिल्यावर पांढऱ्या पेशी लगेच उतरत नाहीत. बहुतेक औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या तळाला जातात. त्या वेळी रुग्ण रुग्णालयात नसतो. तो कन्नड, अंबड, गेवराई तालुक्यातल्या आपल्या घरी असतो. अंगात साधी कणकण येते, थर्मामीटर शंभराच्या पुढे जातो. पू नाही, खोकला नाही, कारण पू व्हायला लागणाऱ्या पेशीच अंगात नसतात. घरचे क्रोसिन देतात, सकाळी बघू म्हणतात. १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की अशा रुग्णाच्या रक्ततपासणीच्या निकालाची वाट न पाहता लगेच अँटिबायोटिक सुरू केलं तर जीव वाचतात. आजचा दंडक रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात शिरेतून औषध सुरू व्हावं असा आहे. ज्याचं रुग्णालय रात्रभराच्या प्रवासावर आहे त्याला हा एक तास कुठून आणायचा? मुंबईत केमो घेऊन मराठवाड्यात राहणाऱ्याला उपचाराचा गुणकारी भाग परळमध्ये मिळे आणि धोक्याचा भाग गावात वाट्याला येई, जिथे ही गोष्ट ओळखणारं कोणी नसे. आमखास मैदानाजवळ २०१२ मध्ये कर्करोग रुग्णालय उभं राहिलं, टाटा मेमोरियलचं मार्गदर्शन त्याला मिळालं, पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. २०१२ मध्येच सुरू होऊन २०१३ मध्ये राज्यभर पोहोचलेल्या आणि आता महात्मा फुल्यांच्या नावाने चालणाऱ्या आरोग्य योजनेने केमोचा खर्च उचलायला सुरुवात केली. माझ्या मते मराठवाड्यातल्या रुग्णासाठी या दोन घटना कुठल्याही एका नव्या औषधाहून मोठ्या आहेत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मुळात औषध नसतं तर सोसायचं कशासाठी होतं? खरं आहे. पण टाटा मेमोरियलमध्ये १९८४ पासून मुलांच्या ल्युकेमियासाठी वापरलेल्या एमसीपी-८४१ या उपचारपद्धतीचा इतिहास पाहा. बरी होणारी मुलं तिने लक्षणीय वाढवली, आणि त्याचबरोबर जंतुसंसर्गाने दगावणारी, उपचार अर्धवट सोडणारी मुलं हीच मोठी अडचण आहे हेही पुढे आणलं. औषध तेच असताना संसर्ग आवरला आणि कुटुंबाच्या राहण्या-खाण्याची सोय झाली की निकाल सुधारतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कौशल्य एकवटलं तरच टिकतं, गल्लोगल्ली केमो देऊ लागलो तर चुका वाढतील. ल्युकेमियासारख्या गुंतागुंतीच्या आजारात, बोन मॅरो प्रत्यारोपणात मला हे पूर्ण मान्य आहे. पण स्तनाच्या कॅन्सरची ठरलेली सायकल जवळ देता येते. निदान आणि योजना मोठ्या केंद्राने ठरवावी, सलाईन आणि तापाची जबाबदारी जवळच्याने घ्यावी. २०१२ मध्येच आकाराला आलेली नॅशनल कॅन्सर ग्रिड याच विचारावर उभी आहे.

काही जण म्हणतात, हे सगळं ठीक, पण माणूस तरतो तो इच्छाशक्तीवर. हिमतीचं मोल मी कमी करत नाही. पण हिमतीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, आणि ज्याचा उपचार मध्येच सुटला त्याच्यावर कमी हिमतीचा शिक्का बसतो, हे क्रूर आहे. शिवाय सोसण्याचा भार सगळ्यांना सारखा नसतो. आपल्याकडे बाईच्या डोक्यावरचे केस जाण्याला विधवांच्या केशवपनाची जुनी सावली आहे. ते करायला नकार द्या म्हणून १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत न्हाव्यांना एकत्र आणलं होतं. त्यानंतर पिढ्या उलटल्या तरी टक्कल झालेल्या सवाष्णीकडे हळदीकुंकवात वळणाऱ्या नजरा पूर्ण बदललेल्या नाहीत. पुरुषाचे केस जातात तेव्हा त्याला अशा नजरा झेलाव्या लागत नाहीत. त्याचप्रमाणे सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टिनने बोटं बधिर होतात, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतं. ब्लाउजचा हुक लागत नाही, निवडताना तांदळातला खडा बोटांना कळत नाही, म्हणून सून ताट हातातून काढून घेते, हे मोजायला कुठलाही तक्ता पुरत नाही.

मराठवाड्यात तंबाखू आणि गुटख्याने तोंडाचा कॅन्सर फार. बरा न होण्याच्या टप्प्यावर पोहोचलेल्या अशा रुग्णांना टाटा मेमोरियलने सिसप्लॅटिनच्या सलाईनऐवजी आठवड्याला मेथोट्रेक्झेटच्या आणि रोज सेलेकॉक्सिबच्या गोळ्या देऊन पाहिल्या. २०२० मध्ये निकाल आला: मध्यक (मीडियन) आयुष्य सिसप्लॅटिनवर ६.१ महिने, गोळ्यांवर ७.५ महिने, आणि तीव्र दुष्परिणाम गोळ्यांवर कमी. गिरणगावातल्या बायकांच्या रक्तक्षयापासून निघालेली वाट अशी स्वस्त गोळीच्या रूपाने खेड्यातल्या घरापर्यंत येऊ शकते. जे दूर आणि महाग तेच परिणामकारक, हा समज निदान या आजारात तरी टिकत नाही.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरसाठी डे-केअर केंद्रं काढण्याची घोषणा झाली. या केंद्रांची मोजणी खुर्च्यांवर आणि उद्घाटनांवर होईल अशी धास्ती वाटते. सलाईन सकाळी दहाला लावून दुपारी चारला कुलूप लागणारं केंद्र रुग्णाचा फक्त बसभाड्याचा खर्च वाचवील. दहाव्या दिवशी रात्री अकराला ताप चढला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, तालुक्याच्या रुग्णालयात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, त्या वेळी होते का, तिथल्या कपाटात योग्य अँटिबायोटिक आहे का आणि ते सुरू करण्याचा अधिकार ड्यूटीवरच्या डॉक्टरला आहे का, हे चार प्रश्न आरोग्य खात्याने प्रत्येक केंद्रासाठी लेखी सोडवून मगच त्याचं दार उघडावं.