तित्तराची रात्र

इंग्लंडच्या कायद्यात रात्रीची व्याख्या दिलेली आहे. सूर्यास्तानंतर एक तासाने रात्र लागते आणि सूर्योदयाच्या एक तास आधी ती सरते. १८२८ साली चोरट्या शिकारीच्या बंदोबस्तासाठी पार्लमेंटने जो कायदा केला, त्यात हे मोजमाप बसवले गेले. सूर्य मावळून किती वेळ झाला, यावर मग एखाद्या शेतमजुराचे नशीब ठरू लागले.

या पक्ष्यांवर हक्क कुणाचा, हे त्याच्या दीडशे वर्षे आधीच ठरून गेले होते. १६७१ च्या कायद्याने सालीना शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असणारा, किंवा तशाच बड्या घराण्यातला, एवढ्यांनाच तित्तर, फेझंट वगैरे मारण्याची मोकळीक ठेवली. त्या काळी परगण्यातून पार्लमेंटचा सभासद निवडायला दोन पौंडांची जमीन पुरे होत असे. म्हणजे राज्यकारभारात मत देण्यापेक्षा तित्तर मारायला पन्नासपट ऐपत हवी! पुढे १७५५ पासून हे पक्षी विकणेही गुन्हा ठरले. तरी लंडनच्या लेडनहॉल बाजारात ते मिळत असत. घेणारे बहुधा प्रतिष्ठित, आणणारे मात्र चोर.

ही चोरी रात्री का होई, याचे कारण पक्ष्यांच्या सवयीत आहे. फेझंट रात्री झाडाच्या फांदीवर बसून झोपतो. पाने झडलेल्या झाडावर, चांदण्यात, त्याची आकृती स्पष्ट दिसते. तित्तरांचा थवा जमिनीवरच एकमेकांना बिलगून निजतो. त्यावर जाळे ओढले की अख्खा थवा हाती लागतो. जमीनदारांचे रखवालदारही काही कमी नव्हते. लाकडाचे फेझंट करून ते फांद्यांवर ठोकून ठेवीत. चोराने त्यावर बार काढला की पक्षी तर पडत नसेच, उलट आवाजाने रखवालदार मात्र धावून येत.

इथवर सारे गमतीचे वाटते. पण झाडीत तार ताणून तिला बंदूक जोडण्याचीही रीत होती. अंधारात तारेला पाय अडखळला की बंदूक आपोआप उडे. ती चोर कोण आणि वाट चुकलेला पोर कोण, हे पाहत नसे. १८२७ साली कायद्याने या बंदुका बंद केल्या. राहत्या घरात मात्र रात्रीपुरती त्यांना मुभा राहिली.

१८१५ मध्ये नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले. सैनिक परतले, काम मिळेना, मजुरी घसरली. अशा दिवसांत १८१७ चा कायदा आला : हत्यार घेऊन रात्री शिकारीच्या इराद्याने सापडणाऱ्यास सात वर्षे काळे पाणी. १८२८ च्या कायद्याने त्याला पायऱ्या पाडल्या. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी, दुसऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, तिसऱ्याला सात वर्षांची हद्दपारी. तिघे वा अधिक जमले आणि एकाजवळ जरी हत्यार असले तर चौदा वर्षांपर्यंत. हद्दपारी म्हणजे ऑस्ट्रेलिया. गेलेला माणूस परत येईल अशी आशा घरचे फारशी करीत नसत. लगेच १८३१ साली दुसरा कायदा आला. त्याने ऐपतीची जुनी अट काढली आणि परवान्याने पक्षी विकण्यासही मोकळीक दिली. त्यात दिवसाउजेडी दुसऱ्याच्या रानात शिकारीसाठी शिरणाऱ्या एकट्याला दंड होता फार तर दोन पौंड. पक्षी तोच, रान तेच, फरक सूर्याचा.

आता कावळ्याकडे पाहा. १५६६ च्या कायद्याने कावळ्याची तीन मुंडकी आणून देणाऱ्यास गावच्या चर्चच्या निधीतून एक पेनी मिळे. कावळा दाणे खातो, हा त्याचा अपराध. दाणे तित्तरही खातो, फेझंटही खातो. पण कुळाच्या शेतात चरणाऱ्या तित्तरावर बहुधा हक्क जमीनदाराचा, आणि कूळ बांधावर उभे राहून पाहत बसे. १८८० साली कुळाला आपल्या शेतातले ससे मारण्याचा हक्क मिळाला, पाखरांचा नाही. शिवाय त्या सशांवरही रात्री बंदूक चालवायची नाही, अशी अट घालायला कायदेपंडित विसरले नाहीत. एका पाखराला इनाम आणि दुसऱ्यापायी हद्दपारी, हा भेद पिकाने केलेला नव्हता. तो जमीनदाराच्या ताटाने केला होता.

पाखराचा स्वतःचा विचार कायद्याने फार उशिरा केला. १९५४ साली सर्वच रानपाखरांना संरक्षण देऊन अपवाद तेवढे वेगळे काढण्यात आले. १९८१ च्या कायद्याने परवान्याखेरीज दिव्याचा झोत टाकून वा अंधारात पाहण्याची दुर्बीण लावून पाखरे मारण्यास मनाई केली. या मनाईत फेझंट आला आणि कावळाही आला. पिकांवर पडणारी कबुतरे आणि कावळे मारण्यासाठी सरसकट परवाने असत. न्यायालयात आव्हान येताच २५ एप्रिल २०१९ च्या रात्री तेही रद्द झाले, आणि पुढे नव्या अटींनिशी पुन्हा निघाले. १८२८ चा कायदा इंग्लंडात अद्याप आहे. त्यातली हद्दपारी केव्हाच गेली. रात्र मात्र सूर्यास्तानंतर एक तासानेच लागते.