दोष कोणाचा? एक्स विंडो प्रणालीतील विंडो मॅनेजर आणि दुरुस्तीचा इतिहास

प्रास्ताविक

संगणकाचा इतिहास बहुधा शोधांच्या तारखांनी लिहिला जातो. अमुक यंत्र अमुक वर्षी तयार झाले, अमुक प्रणाली अमुक विद्यापीठात जन्मली, एवढ्यावर बहुतेक पाठ्यपुस्तके थांबतात. जन्मानंतरच्या वीस-तीस वर्षांत त्या प्रणालीत कोणी काय दुरुस्त केले, दोष कशाला म्हटले आणि तो कोणाच्या माथी मारला, याची नोंद क्वचितच होते. आपल्याकडील जुन्या मंदिरांत मूळ बांधकामाबरोबर जीर्णोद्धाराचाही शिलालेख कधीकधी आढळतो. आज्ञावलींच्या इतिहासलेखनात मात्र जीर्णोद्धाराला फारसे स्थान मिळालेले नाही.

प्रस्तुत लेखात युनिक्स व लिनक्स संगणकांवरील 'विंडो मॅनेजर' या आज्ञावलीच्या दुरुस्तीचा मागोवा घेतला आहे. पडद्यावरील प्रत्येक चौकटीची जागा व आकार, तिच्या शीर्षपट्टीवरील नाव, बंद करण्याची फुली, तसेच कळफलकावर दाबलेली अक्षरे कोणत्या चौकटीत उमटावीत याचा निर्णय, ही तिची कामे. तिच्यातील चिवट दोषांचा अभ्यास केला असता असे दिसते की, त्यांपैकी अनेक दोष कोणत्याही एका आज्ञावलीच्या पोटात नव्हते. ते दोन आज्ञावलींमधील कराराच्या संदिग्धतेत होते. त्यामुळे येथील दुरुस्तीचा इतिहास हा बऱ्याच अंशी करार लिहिण्याचा आणि मोडण्याचा इतिहास आहे.

यंत्रणा वेगळी, धोरण वेगळे

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ मध्ये रॉबर्ट शायफ्लर व जिम गेटिस यांनी एक्स विंडो प्रणालीचे काम सुरू केले. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढील तीन दशके हाच पाया टिकला. प्रणालीने फक्त यंत्रणा पुरवावी, धोरण ठरवू नये, हे तिच्या रचनाकारांचे तत्त्व होते. पडद्यावर चित्र काढणारा 'सर्व्हर' वेगळा, चित्र काढून घेणारी उपयोजने वेगळी आणि चौकटींची मांडणी करणारा विंडो मॅनेजर हेही त्या सर्व्हरच्या दृष्टीने एक उपयोजनच. त्याला विशेषाधिकार एवढाच की, कोणतीही चौकट पडद्यावर मांडण्याची वा हलवण्याची विनंती आधी त्याच्याकडे वळवली जाते. हा अधिकार एका वेळी एकालाच मिळतो.

या विभागणीचे परिणाम दूरगामी ठरले. विंडो मॅनेजर कोणीही लिहू शकत होता, आणि चालू कामाला धक्का न लावता तो बदलताही येत होता. अनेक विंडो मॅनेजर प्रत्येक उपयोजनाच्या चौकटीभोवती आपली स्वतःची मोठी चौकट बांधतात आणि मूळ चौकट तिच्या आत बसवतात. असा मॅनेजर मध्येच कोसळला, तर आतल्या चौकटी बाहेर काढून पुन्हा मूळ पडद्यावर ठेवण्याची तजवीज सर्व्हरमध्येच केलेली होती. शीर्षपट्ट्या नाहीशा होत, पण लिहीत असलेला मजकूर शाबूत राहत असे. दोष होणारच, हे गृहीत धरूनच ही रचना केलेली होती.

टॉम लास्ट्रेंज यांचा टीडब्ल्यूएम हा १९८७ मधील विंडो मॅनेजर एक्सच्या अधिकृत वितरणात समाविष्ट झाला. नावातील 'टी' आरंभी टॉमचा होता. पुढे तो 'टॅब'चा मानला गेला.

करारनामा

धोरण कोणावरही लादायचे नाही असे ठरल्यावर वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या आज्ञावलींनी एकमेकींशी कसे वागावे, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर सन मायक्रोसिस्टिम्सचे डेव्हिड रोझेंथाल यांनी लिहिलेल्या 'इंटर-क्लायंट कम्युनिकेशन कन्व्हेन्शन्स मॅन्युअल' या दस्तऐवजाने दिले. त्याची पहिली आवृत्ती १९८९ मधील आहे. उपयोजनाने आपल्या चौकटीवर कोणती माहिती चिकटवावी आणि मॅनेजरने ती कशी वाचावी, याचे संकेत त्यात आहेत. फुलीचे उदाहरण बोलके आहे. फुली दाबताच चौकट नष्ट केली तर न साठवलेले काम बुडेल. म्हणून मॅनेजरने केवळ 'बंद व्हा' असा संदेश द्यावा आणि उपयोजनाने स्वतः आवरून निघावे, असे ठरले. संदेश समजत असल्याची पूर्वसूचना उपयोजनाने दिलेली नसेल, तरच त्याचा संबंध बळाने तोडायचा.

हा दस्तऐवज वाचण्यास दुर्बोध म्हणून प्रोग्रामरांमध्ये प्रसिद्ध आहे. परंतु त्याची खरी अडचण भाषेत नव्हती. त्यातील बऱ्याच तरतुदी सूचनावजा होत्या. उपयोजनाने जागा सुचवावी. मॅनेजरने ती मानावी किंवा मानू नये. दोघेही करार पाळत असताना वापरकर्त्याच्या समोर मात्र चौकट भलत्याच ठिकाणी उघडत असे. शिवाय शीर्षपट्टी नको असेल तर ते सांगण्याची सोयच करारात नव्हती. ती मोटिफ या संचाने आपल्या खासगी संकेताद्वारे पुरवली, आणि पुढे जवळपास सर्वांनीच तो संकेत मान्य केला.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी त्रुटीही या करारात होती. चौकटीचे नाव ज्या अक्षरसंचांत लिहायचे, त्यांच्या प्रमाणित यादीत लॅटिन, ग्रीक, सिरिलिक, अरबी, हिब्रू, चिनी, जपानी, कोरियन यांना जागा होती. देवनागरीला नव्हती. धारिकेचे नाव मराठीत ठेवले, तर ते शीर्षपट्टीवर धडपणे उमटेल याची हमी नव्हती. जीनोम आणि केडीई या दोन मेजप्रणालींच्या विकसकांनी २००० च्या सुमारास मिळून तयार केलेल्या 'एक्स्टेंडेड विंडो मॅनेजर हिंट्स' या पुरवणी करारात युनिकोडमधील नावाची स्वतंत्र तरतूद झाली. तरीही जोडाक्षरे व मात्रा नीट जुळवणारा अक्षरलेखनाचा संच मॅनेजरने वापरणे आवश्यक होतेच.

एका आज्ञावलीचे दीर्घायुष्य

रॉबर्ट नेशन यांनी १९९३ मध्ये टीडब्ल्यूएमच्या संहितेतील स्मृतीची उधळपट्टी कमी करण्यास सुरुवात केली आणि त्यातून एफव्हीडब्ल्यूएम जन्मला. म्हणजे हा मॅनेजरच मुळात एका दुरुस्तीचे अपत्य. नावातील 'एफ' कशाचा, यावर त्याच्या विकसकांतही एकमत उरले नाही. नेशन यांनी लवकरच हे काम इतरांकडे सोपवले. २.४ ही आवृत्ती २००१ मध्ये आली आणि २.६ थेट २०११ मध्ये. या दहा वर्षांत काम बंद नव्हते. दोष निघत होते, मिटत होते, फक्त 'स्थिर' हा शिक्का मारला जात नव्हता. २०२० मध्ये एफव्हीडब्ल्यूएम३ प्रसिद्ध झाला. दरम्यान आफ्टरस्टेपसारख्या अनेक मॅनेजरांनी याच संहितेतून जन्म घेतला, तर ओपनबीएसडी या प्रणालीने परवान्याच्या कारणास्तव २.२.५ ही जुनी आवृत्तीच आपल्या मूळ वितरणात दीर्घकाळ सांभाळली. एकाच आज्ञावलीचे दोन काळ असे शेजारी नांदत राहिले.

पर्याय की दुरुस्ती?

जीनोम मेजप्रणालीत २००२-०३ मध्ये झालेले स्थित्यंतर या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. जॉन हार्पर यांचा सॉफिश हा मॅनेजर लिस्प भाषेतून हवा तसा वळवता येत असे. फेब्रुवारी २००३ च्या जीनोम २.२ मध्ये त्याच्या जागी हॅवॉक पेनिंग्टन यांचा मेटासिटी आला. तो कंटाळवाणा असावा, अशी त्याच्या कर्त्याचीच इच्छा होती. पेनिंग्टन यांचे म्हणणे असे की, प्रत्येक पर्यायाची किंमत असते. गणित साधे आहे: होय-नाही स्वरूपाचे दहा पर्याय ठेवले की तपासण्याच्या अवस्था १०२४ होतात. त्याहून मार्मिक मुद्दा असा की, अनेक पर्याय हे दोष न दुरुस्त करण्याची पळवाट असतात. चौकट चुकीच्या जागी उघडते, तर ती कुठे उघडावी हे वापरकर्त्यालाच विचारून मोकळे व्हायचे.

वापरकर्त्यांचा रोष मोठा होता, आणि तो सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. ज्यांची कामाची पद्धत एखाद्या पर्यायावर उभी होती, त्यांच्या दृष्टीने ती दुरुस्ती नव्हे, मोडतोड होती. खुद्द मेटासिटीलाही व्यवहारापुढे नमावे लागले. करार न पाळणाऱ्या उपयोजनांसाठी त्यात तडजोडी होत्या, आणि त्या तडजोडी बंद करून काटेकोर नियमांनी वागण्याची एक कळही होती. पर्यायांना विरोध करणाऱ्या आज्ञावलीत हा पर्याय असावा, हे लक्षणीय आहे.

राखाडी चौकट

दोष कोणाचा हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे जावाच्या संदर्भात उपस्थित झाला. २००६ मध्ये आलेला डीडब्ल्यूएम, त्यानंतरचा एक्समोनाड, हे मॅनेजर चौकटी फरशांप्रमाणे शेजारी-शेजारी लावत आणि त्यांच्याभोवती बाहेरची चौकट बांधत नसत. करारानुसार तसे बांधणे बंधनकारक नव्हतेच. पण जावाच्या चित्रसंचाने ती बांधली जाणार असे गृहीत धरले होते आणि अपवाद म्हणून ओळखीच्या मॅनेजरांची यादी आपल्या संहितेतच कोरून ठेवली होती. यादीबाहेरच्या मॅनेजरखाली जावा-उपयोजने उघडत, पण रिकामी, राखाडी.

त्यावर वापरकर्त्यांनी काढलेला तोडगा इतिहासात नोंदवण्याजोगा आहे. 'लुकिंग ग्लास' हा सनचा त्रिमितीय मेजप्रणालीचा प्रयोग कधीच रूढ झाला नाही. परंतु त्याचे 'एलजी३डी' हे नाव त्या यादीत होते. डीडब्ल्यूएमच्या विकसकांनीच 'डब्ल्यूएमनेम' नावाची छोटी आज्ञावली उपलब्ध करून दिली. तिने मॅनेजरला हे खोटे नाव दिले की जावाची चौकट भरू लागे. बाजारात न चाललेली एक प्रणाली अशा रीतीने केवळ नावापुरती अनेक वर्षे जिवंत राहिली.

वेलँड आणि जुना वाद

क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडमध्ये सर्व्हर व विंडो मॅनेजर एकच झाले. एक्समधील कित्येक कालविसंगतीचे दोष त्यामुळे उगमातच संपले. त्याची किंमतही होती: मांडणी करणारा कोसळला की पडदाही कोसळे, आणि बहुतेक उपयोजनेही त्याच्यासोबत जात. एक्सने गृहीत धरलेली दोषाची सोय येथे नव्याने उभारावी लागली.

करारांचा प्रश्न मात्र मिटला नाही. शीर्षपट्टी कोणी काढायची, उपयोजनाने की मांडणी करणाऱ्याने, यावर जीनोम आणि केडीई यांनी परस्परविरुद्ध भूमिका घेतल्या. जीनोमवर काही खेळ व उपयोजने शीर्षपट्टीविनाच उघडू लागली. ती पट्टी उपयोजनाच्या बाजूने काढून देण्यासाठी 'लिबडेकॉर' हा स्वतंत्र संच लिहावा लागला. या विषयावरील तहाचा मसुदा २०१८ मध्ये तयार झाला. केडीईने तो स्वीकारला, जीनोमने नाही. आणि तो 'अनस्टेबल' म्हणजे अस्थिर या बिरुदासह प्रसिद्ध झाला.